विहिरीतल्या आजीचा अंगठा

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवंडीत कारखान्यावर होतो. लूमच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून रस्त्यावर आलो. कळलं, आणि मनात पहिलं आलं ते, सुटलो... महिना झाला, त्याची लाज जात नाही.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. पूर्णा गावच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि घराण्याचा इतिहास लिहायला बसले. आमच्या देवघरात विहिरीतल्या आजीचा चांदीचा टाक आहे. ही पणजोबांची विधवा भावजय. दुष्काळात विहिरीला पाणी लागावं म्हणून तिने उडी घेतली आणि ती देवी झाली, असं आम्ही ऐकत आलो. काकांनी कचेरीत खेटे घालून जुन्या नोंदी काढल्या. मृत्यू ऑगस्टातला निघाला. तेव्हा आमच्याकडे विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. आणि नवऱ्याची जमीन दिरांना राजीखुशीने सोडल्याच्या कागदावर तिचा अंगठा होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला.

"मेलेल्या बाईने अंगठा कसा दिला रे?" काकांनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "उडी मारली की ढकललं, ते कागद सांगत न्हाय. ते आपण लिहायचं न्हाय."

आजीची पोर खारबावला मामाकडे वाढली. तिची नातवंडं आज दापोड्याच्या गोदामांत माल उतरवतात. तीच जमीन आम्ही गोदामासाठी विकायला काढली होती. आधी खारबावला जाऊन त्या नातवंडांना सांगा, नाहीतर सही करणार नाही, असं काका म्हणाले. वडील भडकले, "ती देवी हाय आपली. तिचा पंचनामा करतोस?" त्या दिवसापासून घरात काकांशी कोणी बोलेना.

"एकटा गेलो तर म्हातारा भ्रमलाय म्हणतील. तू चल," काका मला म्हणाले. मी ड्युटीचं निमित्त सांगून रविवारावर ढकललं. असे चार रविवार गेले, आणि काका झोपेतच गेले. त्यांच्या सहीची गरज उरली नाही. मी माझी केली.

तेराव्याला वडील पाहुण्यांना सांगत होते, "शेवटपर्यंत जमिनीच्या कागदांसाठी खेटे घातले त्यानं. घरासाठी झिजला." सांगताना त्यांचे डोळे खरेच भरले होते. एका पाहुण्याने माझ्याकडे वळून विचारलं, "खरं ना?"

मी हो म्हटलं आणि पुढच्या पानावर भात वाढला.