कुलूपबंद कपाटातली ओंजळ

दुपारी चिखल्याच्या वाडीत वारा थांबला, की चिकूची झाडं डोळे मिटून उभी आहेत असं हर्षदाला वाटे. त्या झाडांमागच्या लोणच्याच्या कारखान्यात ती अकरा वर्षं कारकून होती. आता मुंबईची एक कंपनी त्यात भागीदारी घेणार होती आणि कंपनीला दाखवायचे सगळे कागद डेटा रूममध्ये ठेवायचं काम हर्षदाकडे आलं होतं.

"कुठंशी आहे ही रूम?" पुतळीमावशीनं विचारलं. चिकूच्या लोणच्याचा मसाला तीच घाली.

"खरी खोली नाही गं. कॉम्प्युटरवरची कुलूपबंद कपाटं. ज्याला जी किल्ली दिली, त्याला तेवढंच दिसतं. कोण आलं, किती वेळ थांबलं, सगळं कळतं."

"म्हणजे तुझ्यासारखीच चोंबडी."

हर्षदा हसली. मसाल्याची कृती मावशीकडून लिहून घेताना तिनं शब्द दिला होता: सही होईपर्यंत ती कुणाला दिसणार नाही. कारखान्याचे मालक नितीनशेठ यांनी करारात मावशीचा वाटा घालायला सांगितलं होतं. कृती आधीच हाती लागली, तर कंपनी तो कशाला देईल?

सोमवारी तिनं डेटा रूममधल्या नोंदी उघडल्या. कंपनीच्या माणसानं कृतीचं पान एकोणीस वेळा पाहिलं होतं. परवान्याच्या कागदांबरोबर तिच्याच हातून ते उघड्या कपाटात गेलं होतं. तिनं पान लगेच बंद केलं; पण पाहिलेलं कसं पुसणार? बाहेर सावल्या पाण्यात बुडाल्यासारख्या हलत होत्या. ती उठून मावशीकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

पुतळी बरणी पुसत राहिली. "काय लिवलंयस, वाच."

"मीठ तीन ओंजळी. तिखट दोन मुठी..."

"कुणाच्या ओंजळी?"

हर्षदानं मावशीकडे पाहिलं. मावशी बोलली तसंच तिनं उतरवलं होतं. मावशीच्या पाड्यावर तराजूनं कुणी स्वयंपाक करत नसे. पुतळीनं ओले हात पुढे केले. लहानपणी मोडलेली करंगळी वाकडीच राहिली होती. ओंजळ भरली तरी तिथून थोडं गळायचं.

हर्षदा टेबलाशी परतली, तर डेटा रूममध्ये कंपनीचा प्रश्न येऊन थांबला होता: 'एक ओंजळ म्हणजे किती ग्रॅम?'

नितीनशेठला विचारून हर्षदानं सावकाश उत्तर लिहिलं: 'ते पुतळीमावशींनाच माहीत. करारावर सही झाली, की त्या भेटतील.'

मग ती खिडकीशी उभी राहिली. अंगणात मावशी मेथी वाळत घालत होती आणि तिच्या करंगळीजवळून दाणे एकेक करून उन्हात निसटत होते.