गप्प केलेला काटा

माझा नवरा विमान बांधतो असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग माझ्याकडे बिचारी म्हणून बघतात. मला त्यांची कीव नको. मला त्या दिवशी आला तेवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो विमानाचा नव्हता.

नवरा पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या एका मिलमध्ये मेंटेनन्स फिटर. सुट्ट्या घालवून विमान चालवायला शिकला, लायसन काढलं, आणि मग गोडादऱ्याच्या टोकाला, कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला चिकटून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. येत्या रविवारी तो ते पहिल्यांदा उडवणार होता. एकटाच.

आणि पेट्रोलच्या प्रेशरचा काटा नाचत होता. चाचणीसाठी विमान दोरांनी खांबाला बांधायचं, इंजिन चालू करायचं, मी बाजूच्या सीटवर बसून काट्यावर नजर ठेवायची. माझा धाकटा भाऊ आग विझवायचा सिलिंडर घेऊन बाहेर उभा. त्याला तो डाव्या हातानेच धरावा लागतो. उजवा हात मिलमध्ये भाजला तेव्हापासून त्याची मूठ वळत नाही. काटा धड एका जागी म्हणून थांबेना. मध्येच एकदम खाली पडायचा. वर गेल्यावर पेट्रोल पोचलं नाही तर इंजिन बंद पडतं, एवढं मला कळत होतं. खाली लूम, घरं, खाडी. उतरणार कुठे?

नवऱ्याने काट्याचं गेज बदललं. मग पंप बदलला. काटा नाचतोच आहे. बाजूचे लूमवाले काका रोज यायचे, गेजच्या काचेवर बोटाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "बेन, गेज ज खराब छे." म्हणजे गेजच बिघडलंय. जो येईल तो टकटक! अरे, काय दरवाजा आहे का तो?

शुक्रवारी संध्याकाळी नवरा घरी आला तो खुशीत. "झालं काम. ये, बघ." मी गेले. इंजिन धडधडत होतं आणि काटा खिळा ठोकल्यासारखा एका जागी. मला इतका आनंद झाला की शनिवारी सकाळी मी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी करून डबा घेऊन शेडवर गेले.

इंजिनची चाचणी करून नवरा आणि भाऊ खाली बसले होते. आम्ही जेवलो. मग मी उगाच हौस म्हणून सीटवर जाऊन बसले.

काटा तसाच उभा होता.

इंजिन बंद. पंप बंद. आमचं जेवण उरकलं, आणि हा बाबा अजून पूर्ण प्रेशर दाखवतोय! कुठून आलं प्रेशर? मी डॅशबोर्डच्या खाली वाकून पाहिलं. गेजकडे जाणाऱ्या बारीक नळीवर एक छोटा पितळी कॉक, म्हणजे नळी बंद करायची चावी, बसवला होता. परवापर्यंत तो नव्हता.

"हे काय आहे?"

"काही नाही गं. काटा शांत राहावा म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिलमध्ये असंच करतात. काटा थरथरायला लागला की खालचा कॉक पिळून बंद करायचा. मग आत दाब चढो की उतरो, तो गेजपर्यंत पोचतच नाही; कॉक पिळताना काटा जिथे असेल तिथेच गप्प बसतो. साहेब राऊंडला येतो, बघतो, मान डोलावतो, जातो. ही सवय यांच्या हातात इतकी मुरलेली की स्वतःच्या जिवावर बेतणार हेही त्यांच्या डोक्यात आलं नाही!

रागावले की माझ्या तोंडून अहिराणीच निघते. "माले येडी समजतस का तुम्ही?" मी ओरडले. "तिकडे साहेबाला फसवता, इथे कोणाला फसवताय? उद्या वर कोण बसणार आहे, साहेब?"

"अगं, सगळे असंच करतात..."

"सगळे जमिनीवर करतात!"

लूमवाले काका दारातूनच परत फिरले. मी डबा आपटला, कॉक उघडायला लावला, इंजिन सुरू करायला लावलं. काटा पुन्हा तसाच थयथयाट करायला लागला. "बघा आता," मी म्हटलं, "तो खरं बोलतोय."

मग हा माणूस मुकाट्याने टाकीपासून सुरुवात करून एकेक जोड तपासत गेला. टाकी खाली, पंप वर, म्हणजे पंप पेट्रोल वर ओढून घेतो. टाकीजवळच्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल होता आणि तिथून पेट्रोलबरोबर हवा ओढली जात होती. बाहेर एक थेंबही गळत नव्हता, म्हणून तिकडे कोणी बघितलंच नाही. क्लॅम्प आवळला. काटा आपोआप स्थिर झाला, आणि इंजिन बंद केल्यावर मुकाट शून्यावर आला. नवऱ्याने कॉक काढून माझ्या हातात दिला. जणू काय मोठं बक्षीस!

माझा राग उतरायला हवा होता. पण हातातल्या त्या कॉककडे बघता बघता दुसरंच डोक्यात आलं. माझा भाऊ यांच्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होता. झाकण उघडलं आणि उकळतं पाणी अंगावर आलं. आत दाब असताना घाईत उघडलं, असं मिलने सांगितलं. घरात यांनीही तेच सांगितलं. वर्षानुवर्षं, जेवताना, पाहुण्यांसमोर: फार घाई करतो हा.

"त्या मशीनच्या गेजला असा कॉक होता?" मी विचारलं.

नवरा फडक्याने हात पुसत राहिला. "सगळ्याच मशीनना असतो."

"पिळलेला?"

तो पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागला. माझा भाऊ सिलिंडर खाली ठेवून जवळ आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला आणखीच संताप आला. इतकी वर्षं आम्ही याला काय काय ऐकवलं!

"दाजी," तो म्हणाला, "मी काटा बघितला होता. शून्यावर होता. म्हणजे मी घाई नव्हती केली ना?"