हात हलला नव्हता

कांजूरमार्गच्या चंद्रप्रकाश तळवडेकरांच्या खांद्यावर ऐन उमेदीची सगळी वर्षं व्हिडिओ कॅमेरा होता. लग्नं, मुंजी, गणपती आणि थंडीतल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंट. धावणाऱ्या माणसामागे कॅमेरा असा वळायचा, की "तळवडेकरांचा पॅन म्हणजे लोणी," असं मंडळाची पोरं म्हणायची.

सत्तरीत त्यांच्या हाताला कंप सुटला. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. त्याच सुमारास मुलीने, निधीने, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. टीव्हीमागे तळहाताएवढा डबा बसवला, त्यात मीडिया सेंटरचं सॉफ्टवेअर टाकलं. आता रिमोट दाबला की सगळ्या टुर्नामेंट समोर हजर.

रविवारी सगळे बघायला बसले. पडद्यावर शिवदास आला, चंद्रप्रकाशांचा धाकटा भाऊ, अख्ख्या कांजूरचा फास्ट बोलर. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याने रनअप घेतला, कॅमेरा त्याच्यासोबत वळला, आणि चित्र अडखळत, धक्के खात पुढे सरकलं.

"जाऊ द्या ना बाबा," जावई मिहिर समजुतीने म्हणाला. "खांद्यावरचा कॅमेरा. थोडा हात हलणारच."

जेवताना चंद्रप्रकाशांनी आपल्या थरथरत्या बोटांकडे एकदा पाहिलं. तेव्हापासूनच असं होतं की काय? लोक नुसतं कौतुकापोटी बोलत होते?

"तुमचो हात असो नव्हतो," वनमालाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "माका ठाऊक आसा."

पण बायकोच्या शब्दाने त्यांचं समाधान होईना. रोज दुपारी ते एकटेच टीव्हीसमोर बसू लागले. वायर बदलून पाहिली. टीव्हीतलं चित्र गुळगुळीत करायचं बटण चालू केलं, तर माणसं मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसू लागली. ते बंद केलं. मग एका फायनलची कॅसेट लागली. त्या दिवशी कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मागची भिंत जराही हलत नव्हती. पण समोरून पळणारा फिल्डर मात्र तसाच अडखळत होता, आणि तेही अगदी ठेक्यात. माणसाचा हात असा ठेक्यात हलत नाही.

त्यांनी निधीला फोन लावला. "हा माझा हात नाही गं. मशीन खोटं बोलतंय."

निधी संध्याकाळी आली. मोबाइलवर शोधत, सेटिंग उघडत बसली आणि एकदम हसली. "बाबा, तुझ्या कॅसेटमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रं. आपला टीव्ही चालतोय साठवर. मग तो काही चित्रं दोनदा दाखवतो, काही तीनदा. म्हणून धक्के!"

"मग त्याला पन्नासवर आण की. प्रत्येक चित्र दोनदा."

"तेच करते. व्हिडिओप्रमाणे टीव्हीचा वेग बदलायची सोय यातच आहे, फक्त बंद होती."

पडदा क्षणभर काळा झाला. मग शिवदास धावला. मैदान, पत्र्याचं कुंपण, भिंतीवर बसलेली पोरं, सगळं त्याच्या मागून नितळ वाहत गेलं.

"लोणी," वनमालाबाई पुटपुटल्या. चंद्रप्रकाशांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलुंडहून नीलाला, शिवदासच्या बायकोला, बोलावून घेतलं. तिचं लग्न झालं तेव्हा शिवदासचा गुडघा कधीचा गेला होता. जिना चढताना कठडा धरणारा, रस्ता ओलांडताना तिचा हात पकडणारा नवराच तिने पाहिला होता. त्याच्या बोलिंगच्या गोष्टी ऐकून ती हसायची. तिला त्या फुशारक्या वाटत.

रनअप सुरू झाला. नीला पदर मुठीत धरून खुर्चीच्या टोकावर सरकली. बॉल सुटला, मधला स्टंप उडाला, शिवदास दोन्ही हात पसरून पळत सुटला आणि कॅमेरा त्याला एकदाही न सोडता त्याच्याबरोबर गेला.

"भावोजी," ती म्हणाली, "मी यांना धावताना कधी बघितलंच नव्हतं हो."

चंद्रप्रकाशांनी रिमोट तिच्याकडे सरकवला. "अजून चार बॉल आहेत ओव्हरचे. बघ सावकाश."