उसना गोलकीपर

१९९९ च्या उन्हाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, आळ्याच्या मैदानावर मंचरच्या फुटबॉल संघाने आळ्याला दोन-एकने हरवलं. हरलेल्या संघाच्या गोलमध्ये उभा असलेला मुलगा आळ्याचा नव्हता. तो नारायणगावचा, म्हणजे आमचा होता. आम्हीच त्याला तिथे पाठवलं होतं.

जुन्नर आणि आंबेगाव हे कबड्डीचे आणि कुस्तीचे तालुके. आमच्या गावात फुटबॉल आणला तो कोल्हापूरहून बदली होऊन आलेल्या खेळाच्या मास्तरांनी. द्राक्षाच्या एका मोडलेल्या बागेतले लोखंडी अँगल आणून त्यांनी गोलपोस्ट उभे केले. जाळी कधीच मिळाली नाही, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून यावर भांडणं होत. तरी दोन-तीन वर्षांत आसपासच्या गावांतही संघ झाले, त्यांचे दोन गट पडले, आणि गटात पहिला येणारा संघ पुण्याला जिल्ह्याच्या सामन्यांना जाऊ लागला. आमच्या गटात मंचर दरवर्षी पहिलं यायचं. आम्ही दुसरे.

आमचा कॅप्टन माझा थोरला चुलतभाऊ होता. पोलीस भरतीला तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा मैदानी चाचणीत पुढे आणि यादीत थोडक्यात बाहेर. पुण्याच्या सामन्यांतून जिल्ह्याचा संघ निवडला जाई आणि त्या संघातून राज्यपातळीवर खेळलेल्याला खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येई. भरतीच्या वयाचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. संघातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. गोलकीपरलाही होतं.

शेवटच्या आठवड्यात मंचर आमच्यापेक्षा एका गुणाने पुढे होतं. शनिवारी आम्ही घोडेगावला हरवलं आणि विजयाचे दोन गुण मिळवले. रविवारी मंचर आणि आळे खेळणार होते. सामना बरोबरीत सुटला तरी आमचे आणि मंचरचे गुण सारखे होत होते आणि गोल आमचे जास्त होते. म्हणजे आळ्याने जिंकायची गरज नव्हती. हरू नये, एवढंच.

त्याच संध्याकाळी बातमी आली की आळ्याच्या गोलकीपरचं बोट टोमॅटोच्या पेट्या उतरवताना चेंगरलं आणि त्यांच्याकडे दुसरा नाही.

आमच्या स्पर्धेत एक नियम होता. एखाद्या संघाला खेळाडू कमी पडला तर तो दुसऱ्या संघाकडून उसना घेता येई. देणाऱ्या संघाची आणि समोरच्या संघाची हरकत नसली पाहिजे, इतकीच अट. चुलतभाऊ स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. त्याने आधी आळ्याला फोन लावला, मग मंचरच्या कॅप्टनला. आम्ही बाहेर उभे होतो.

"काय म्हनला?"

"म्हनला, घ्या की राव. आमची काय हरकत न्हाई."

"लगेच?" मास्तरांनी विचारलं.

"लगेच."

"आमच्या कोल्हापुरात एवढ्या लवकर कोण हो म्हणत नसतंय," मास्तर म्हणाले. आम्ही हसलो.

गोलकीपर हसला नाही. तो माझ्याच वर्गातला, दहावीपर्यंत एका बाकावरचा.

"मी न्हाई जात, भाऊ," तो चुलतभावाला म्हणाला. "दुसरा कुनी बघा."

"दुसरा कुठला? गोलमधी तुझ्याबिगर कोन उभं राहतं?"

"परक्या टीमकडनं खेळायचं बरं न्हाई वाटत."

"परकी कसली? आळ्याचा शर्ट घालायचा आन् खेळायचं आपल्यासाठीच."

"मंचरच्या कॅप्टनच्या फटक्याला भ्यालाय त्यो," मागून कुणीतरी म्हणालं. "बोटं विम्याला टाक रं!"

चुलतभावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी जा," म्हणाला.

तो हो म्हणाला.

रविवारी आम्ही सगळे जीप करून आळ्याला गेलो आणि मैदानाच्या कडेला बांधावर बसलो. पहिला गोल आळ्याने केला. मध्यंतरापर्यंत आमच्या गोलकीपरने मंचरचे दोन चांगले फटके अडवले. एक तर उडी मारून, बोटांच्या टोकांनी. मास्तर उठून उभे राहिले होते. मध्यंतरानंतर मंचरने कॉर्नरवरून डोक्याने गोल केला. तो कुणालाही अडवता आला नसता. एक-एक. आम्हाला तेवढं पुरत होतं.

सामना संपत आला असताना मंचरच्या कॅप्टनने लांबून चेंडू मारला. फटका जोरात नव्हता. चेंडू टप्पे घेत, घरंगळत आला. असे चेंडू आमचा गोलकीपर सरावाच्या वेळी एका हाताने उचलायचा आणि उचलता उचलता आमच्याशी गप्पा मारायचा. तो खाली बसला. चेंडू त्याच्या हाताखालून गेला.

"आरं, आंधळा झाला का?" आमच्यातला एक ओरडला. गोलकीपर उठला आणि गुडघ्यावरची माती झाडत राहिला. माती झाडून झाल्यावरही झाडत राहिला.

सामना संपल्यावर आम्ही जीपपाशी त्याची वाट पाहिली. तो आला नाही.

"चला राव," जीपवाला म्हणाला. "तो पावण्यांच्या गाडीत बसून गेला."

"कोन पावणं?"

"मंचरवाले. तुमाला ठावं न्हाई? ह्याच्या बहिनीची सुपारी फुटायचीय उद्या. त्यांच्या कॅप्टनलाच दिलीय की."



दोन दिवसांनी चुलतभाऊ आणि मी त्याला टोमॅटो बाजारात गाठलं. तो ट्रकवर पेट्या चढवत होता. आम्हाला पाहून त्याने हातातली पेटी खाली ठेवली.

"त्यांनी सांगितलं व्हतं का तुला, सोड म्हनून?" चुलतभावाने विचारलं.

"कुनी काय सांगितलं न्हाई."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सुपारी व्हती, भाऊ. मारनारं आमचं व्हनारं दाजी. बापानं निघताना सांगितलं, पावणं नाराज व्हायला नकोत."

"मला सांगायचं व्हतं."

"मी नको म्हनलो व्हतो."

"का नको, ते न्हाई सांगितलं."

"सांगितलं असतं तर तुमी दुसरा धाडला असता," गोलकीपर म्हणाला. "मग बाप म्हनला असता, घरचंच पोरगं फुटलं, पावण्यांची गोष्ट टीमला सांगून आलं." त्याने पेटी उचलली आणि ट्रकवर दिली.

लग्न मे महिन्यात नारायणगावातच झालं. मुलीच्या गावची पोरं पंगतीत वाढतात, म्हणून आमचा अख्खा संघ वाढायला होता. मंचरचा संघ एका ओळीत बसला होता. बुंदीचं पातेलं चुलतभावाकडे आलं.

"वाढा पावणं, हात आखडू नका," त्यांचा एक फॉरवर्ड म्हणाला. "पुण्याला पळायचंय आमाला."

चुलतभावाने त्याच्या पानात दोन डाव बुंदी वाढली आणि पुढच्या पानाकडे सरकला.

जूनमध्ये मंचरचा संघ पुण्याला गेला. त्यांचा गोलकीपर आजारी होता, म्हणून त्यांनी एक खेळाडू उसना घेतला. तो आमचा गोलकीपर होता. नियमाप्रमाणे आमच्या संघाची संमती लागत होती. ती मास्तरांनी दिली. चुलतभावाला त्यांनी विचारलं नाही. त्याला ते मंचर परत आल्यावर कळलं. तो मास्तरांच्या खोलीवर गेला.

"एकाचं तरी भलं होतंय न्हवं," मास्तर म्हणाले.

मंचर पुण्यात पहिलाच सामना हरलं. पण त्यांच्या उसन्या गोलकीपरचा खेळ निवड समितीला आवडला आणि त्याला जिल्ह्याच्या संघात घेतलं. त्या हिवाळ्यात तो राज्यपातळीवर खेळला. पुढच्या वर्षी मास्तरांची बदली झाली. नवीन मास्तर कबड्डीचे होते. मैदानातले अँगल काढून कुणीतरी बागेला लावले.

चुलतभावाचं भरतीचं वय उलटलं. तो नारायणगाव ते आळेफाटा जीप चालवू लागला.

२००१ साली गोलकीपरची खेळाडूंच्या जागेवरून पोलिसात निवड झाली. प्रशिक्षणाला नाशिकला जायचं होतं आणि नाशिकची सकाळची पहिली गाडी आळेफाट्यावरून सुटे. सकाळी स्टँडवर नंबराला एकच जीप उभी होती. त्याची ट्रंक टपावर चढवून दोरीने बांधली ती माझ्या चुलतभावाने. जीप आळेफाट्याला नेली तीही त्यानेच.