मिस नेडीनने जुळवलेली सहल

मिस नेडीन पर्की यांची आणि माझी ओळख आमच्या गावच्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात भरणाऱ्या प्रौढांच्या वाचनवर्गात झाली. मी तेव्हा लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालो होतो आणि मला स्वतःच्या नावापलीकडे फारसे वाचता येत नव्हते. मिस नेडीन (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईंनाही आदराने मिसच म्हणतात) दिवसा शाळेची बस चालवीत आणि मंगळवारी संध्याकाळी आम्हा काही जणांना शिकवीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कॉमिक्स ठेवले. मला त्याचा राग आला व मी लहान मूल नाही असे मी त्यांना सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "लहान मूल असतात, तर एव्हाना पान उलटलं असतंत." मी वाचू लागलो. म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

त्यांच्या घरात कॉमिक्स आले ते त्यांच्याकडून आणि त्यांच्याकडून ते त्यांच्या मुलीकडे, डेलेनीकडे, गेले. डेलेनी लहान असल्यापासून मायलेकी दर ऑक्टोबरात हंटिंग्टनला आमच्या भागाच्या कॉमिक्स संमेलनाला जात. जेवणाच्या टेबलावर संमेलनात घालायचे कथांतल्या पात्रांचे पोशाख शिवले जात, पुठ्ठ्याच्या ढाली रंगवल्या जात आणि तोवर घरातली माणसे ताटल्या मांडीवर घेऊन जेवत. मुलगी मोठी झाली आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या गोष्टीचे स्वतःचे पुस्तक तिने काढले. त्या वर्षी संमेलनात चित्रकारांच्या रांगेत तिला अर्धे टेबल मिळाले होते. नव्या वर्षानंतर ती कोलंबस शहरी नोकरीसाठी जाणार होती.

तिच्या वडिलांनी, म्हणजे ऑरिन पर्की यांनी, त्या पुस्तकाचे एकही पान पाहिलेले नव्हते. ऑरिन रस्त्यांच्या खात्यात काम करतात. ते वाईट मनुष्य नाहीत. परंतु चित्र काढणे हे त्यांच्या दृष्टीने पावसाळी दिवशी मुलांनी करायचे काम होते. मिस नेडीन यांची इच्छा एवढीच होती की बापाने एकदा त्या टेबलासमोर उभे राहावे आणि त्या वेळी आपण शेजारी असावे.

ही इच्छा अवघड नव्हती. ती अवघड झाली तारखेमुळे. संमेलनाचे सभागृह त्या ऑक्टोबरात व्हॉलीबॉलच्या स्पर्धेला दिले गेले आणि संमेलन नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी ढकलले गेले. ज्याने ही तारीख निवडली तो आमच्या डोंगरातला नसावा. त्याच्या लगेच पुढच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. शाळा आठवडाभर बंद राहतात आणि आदल्या शनिवारी प्रत्येक घरातले पुरुष रानातल्या आपापल्या खोपटाकडे निघतात. त्या शनिवारी आमच्याकडे कोणी लग्नसुद्धा ठरवत नाही, कारण नवरदेव येईल याची खात्री नसते.

मिस नेडीन दर मंगळवारी वर्गात येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला बेत कुठवर आला ते कळे. संमेलनाने सभागृहाजवळच्या हॉटेलात खोल्या राखून ठेवल्या होत्या. ऑरिन यांचा होकार आल्याखेरीज किती खाटा हव्यात ते ठरेना आणि ऑरिन "बघू" म्हणत. ते बघत असतानाच खोल्या संपल्या. मग नदीपलीकडे ओहायोच्या बाजूला एक हॉटेल मिळाले आणि तेथून संमेलनाची बस तासाला एक. सासूबाई एल्वी यांनी येण्याचे कबूल केले, परंतु न्हाणीघरात धरायला दांडा पाहिजे आणि रविवारी चर्च चुकता कामा नये, अशा अटी घातल्या. दांडा असलेली खोली मिळाली. जवळचे चर्चही शोधले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या की परक्या चर्चमधले लोक भजने फार संथ म्हणतात.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावले होते. घेवडा आणि मक्याचा पाव होता. ऑरिन यांचे धाकटे भाऊ लॉन्झो तेथे होते. खोपटातल्या चुलीचे धुराडे पडले असून ते ऑरिनशिवाय कोणाला बसवता येत नाही, असे ते सांगत होते.

"शनिवारची दुपार मागतेय फक्त," मिस नेडीन नवऱ्याला म्हणाल्या. "हरणं सोमवारपर्यंत कुठे पळत नाहीत."

"हरणं पळत नाहीत, लॉन्झो पळतो," ऑरिन म्हणाले.

"वहिनी, तुमच्या त्या मेळ्यात बाप्ये पँटवरून चड्डी घालतात म्हणे," लॉन्झो म्हणाले.

"तू पायजम्यावर दुकानात जातोस, ते चालतं का?"

सर्व हसले, परंतु मिस नेडीन हसल्या नाहीत. शेवटी तडजोड झाली. लॉन्झो यांनी शनिवारी दुपारी ऑरिनना आपल्या ट्रकमधून सभागृहाच्या दाराशी सोडावे, धुराड्याचे पत्रे व किराणा घ्यायला जावे, तीन वाजता परत येऊन त्यांना न्यावे. मिस नेडीन व बाकीच्यांनी आदल्या दिवशीच जावे. शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी कळवले की रविवारी चर्चच्या जेवणाला गोड पदार्थ करण्याची पाळी त्यांची आहे, सबब येणे नाही. अशा रीतीने गाडीत एक जागा रिकामी झाली आणि ती मला मिळाली.

शनिवारी सकाळपासून सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डेलेनी आपल्या अर्ध्या टेबलामागे हात मांडीवर ठेवून बसली होती. मिस नेडीन टेबलापाशी स्थिर राहत नव्हत्या. त्या दाराशी जात आणि परत येत.

ऑरिन ठरल्या वेळी आले. ते शिकारीच्या कपड्यांत होते, अंगात पानापानांच्या रंगाचा कोट आणि डोक्यावर भडक नारिंगी टोपी. दारावरच्या एका स्वयंसेविकेने त्यांना विचारले की आपण कोणत्या कथेतले आहात. ते म्हणाले, "पर्की." ती मान डोलावून पुढे सरकली.

नंतर तपासणीचे यंत्र वाजले. ऑरिन यांच्या पट्ट्याला त्यांच्या वडिलांचा सुरा होता, हरणाच्या शिंगाची मूठ असलेला. पर्की घराण्याची अशी रीत आहे की या शनिवारपासून हंगाम संपेपर्यंत तो सुरा थोरल्या मुलाच्या कमरेला राहतो आणि घराबाहेरच्या हातात दिला जात नाही. दिला तर त्या वर्षी नेम चुकतो. अशी काही ना काही रीत आमच्याकडे प्रत्येक घरात आहे. दुसरा माणूस सकाळी चष्मा लावतो तसा ऑरिन यांनी सकाळी तो सुरा लावला होता. त्यांना त्यात विचार करण्याजोगे काही दिसले नव्हते.

पहारेकरी बाईंनी सुरा आत नेता येणार नाही असे सांगितले. तेवढ्यात ऑरिन यांच्या मागून एक मनुष्य पुरुषभर उंचीची कुऱ्हाड घेऊन आत गेला.

"त्याची कुऱ्हाड चालते आणि माझा सुरा चालत नाही?" ऑरिन यांनी विचारले.

"त्याची पुठ्ठ्याची आहे, साहेब."

"मग ती घेऊन आलाच कशाला तो?"

सुरा ठेवून घेण्याची सोय नव्हती. लॉन्झो फोन उचलत नव्हते. आमची गाडी नदीपलीकडे हॉटेलात होती आणि बसने जाऊन यायचे तर तीन वाजून गेले असते. मी सुरा सांभाळण्याची तयारी दाखवली. ऑरिन यांनी टोपी काढली आणि अदबीने सांगितले, "तुमच्यावर अविश्वास नाही, मिस्टर एल्डन. पण तुम्ही पर्की नाही." एवढे बोलून ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

तेथे ते बराच वेळ बसले. मिस नेडीन बाहेर येत, बोलत, आत जात आणि पुन्हा बाहेर येत. त्यांनी पुन्हा पहारेकरी बाईंकडे रदबदली केली. लॉन्झो यांना त्यांनी इतक्या वेळा फोन लावला की अखेरीस त्या फोनला उद्देशूनच बोलू लागल्या. प्रत्येक फेरीला त्यांचा आवाज अधिक बसत गेला. मी तेथे उभा होतो आणि मला वाटत होते की यावर एक उपाय आहे व तो त्यांनाही केव्हाच सुचला आहे. तो उपाय केल्यास त्यांना स्वतःला आत राहता येणार नव्हते, म्हणून त्या बाकी सर्व उपाय करून पाहत होत्या.

"ये म्हणालीस, आलो ना मी?" ऑरिन म्हणाले.

"बाकावर बसायला बोलावलं नव्हतं तुला." त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"तुझ्याकडे?"

"का? मी पर्की नाही?"

"तू लग्नाने पर्की."

"तुझी आईसुद्धा लग्नानेच पर्की आहे. फोन लावू तिला? सांगू तुझं म्हणणं?"

ऑरिन यांनी पुष्कळ विचार केला. मग पट्टा सोडवून त्यांनी सुरा म्यानासकट पत्नीच्या हातात दिला. मिस नेडीन बाकावर बसल्या, सुरा मांडीवर ठेवला आणि त्यावर आपला स्कार्फ पसरला. "चौथी रांग, डाव्या हाताला," त्या म्हणाल्या. "मिस्टर एल्डन दाखवतील. जा लवकर, तीन वाजत आले." त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही.

आत गेल्यावर जे घडले ते मी पाहिले तसेच लिहितो. डेलेनी म्हणाली, "डॅडी, तुम्ही आत कसे आलात?" ऑरिन म्हणाले, "दारातून." त्यांनी तिचे पुस्तक उचलले आणि उभ्याउभ्या पहिल्या पानापासून वाचायला घेतले. मागे माणसे खोळंबली. ते एका पानावर फार वेळ थांबले.

"या कुत्र्याचा मागचा पाय चुकलाय," ते म्हणाले. "म्हातारा कुत्रा असा बसला तर उठायचा नाही."

"मग कसा बसतो?"

ऑरिन यांनी आजूबाजूला पाहिले. त्यांनी टोपी माझ्याकडे दिली, आणि त्या गर्दीत, जड बुटांनिशी, ते जमिनीवर बसले. एक पाय पोटाखाली घेऊन दुसरा बाजूला टाकला आणि हात पुढे टेकले. "असा. गुडघा दुखतो ना त्याचा, म्हणून वजन या बाजूला." डेलेनीने कागद ओढला आणि काढू लागली. "हलू नका," ती म्हणाली. ते हलले नाहीत. रांगेतले लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले. चित्र झाल्यावर त्यांनी ते पाहिले व म्हणाले, "हां. आता उठेल." आणि ते स्वतः माझा हात धरून उठले.

बाहेर लॉन्झो यांचा ट्रक भोंगा वाजवीत उभा होता. ऑरिन यांनी सुरा घेऊन कमरेला लावला आणि पत्नीला म्हणाले, "बरं आहे. गर्दी फार." मग ते धुराड्याच्या पत्र्यांशेजारी बसून निघून गेले.

संध्याकाळी डेलेनी टेबल आवरायला थांबली आणि आम्ही दोघे बसने हॉटेलकडे निघालो. दुपारभर टेबलापाशी गर्दी असल्याने डेलेनीशी बोलणे झाले नव्हते, म्हणून मिस नेडीन यांनी मला काय घडले ते विचारले. मी सर्व क्रमाने सांगितले.

"खाली बसला? सगळ्यांसमोर?"

मी होय म्हणालो.

"कुत्र्यासारखा?"

मी पुन्हा होय म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. "उन्हाळ्यापासून मी खोल्या जुळवतेय, गाड्या जुळवतेय, त्याच्या आईसाठी दांडा जुळवतेय," त्या म्हणाल्या. "आणि ते घडलं तेव्हा मी बाहेर बसून सुरा धरला." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता असे मी म्हणणार नाही, परंतु तो थोडा होता आणि संताप पुष्कळ होता. बसने पूल ओलांडला. मग त्यांनी माझ्याकडे वळून एक विनंती केली.

"उद्या कुठे जेवायचं, किती वाजता निघायचं, ते सगळं तुम्ही ठरवा, मिस्टर एल्डन. मला काही विचारू नका."