आम्ही गेलो की म्हैस पान्हा चोरते

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. चोवीस वर्षं हातात व्हर्नियर धरून मापं घेतोय. त्यामुळे भानामती, करणी, अंगात येणं वगैरेवर माझा विश्वास शून्य. या ग्रुपवरचे असले अनुभव मी जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचायचो. आणि खाली "बीपी चेक करा" अशी कॉमेंट टाकणारा तो आगाऊ माणूस... तोही मीच. आज माझी पाळी आहे. मनसोक्त टाका.

आम्ही पाच चुलतभाऊ. सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, सगळ्यांची पोटं पुढे. आणि सहावा दादा, आमच्याहून बराच थोरला. आजोबांनी त्याला पोरका म्हणून गारगोटीकडून आणला आणि घरात ठेवून घेतला. आम्हाला पहाटे तालमीत ओढत नेणारा तो, गल्लीत कुणी हात उगारला तर मध्ये पडणारा तो, आणि म्हशीच्या कासेखाली बसवून तोंडात थेट धार सोडणारा पण तोच. आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो. दादा शहरातल्या आमच्या गोठ्यातच राहिला, अकरा म्हशी घेऊन.

तीनेक वर्षांपूर्वी विलासनं, म्हणजे पाचांतल्या थोरल्यानं, व्हॉट्सअ‍ॅपवर सिंहांचा व्हिडिओ टाकला. दक्षिण आफ्रिकेतले मापोगो. सहा नर, एकत्र राहणारे. दुसऱ्या सिंहांचे कळप फोडले, छावे मारले, भल्यामोठ्या मुलखावर राज्य केलं. आम्ही पार येडे झालो. ग्रुपचं नाव 'मापोगो कोल्हापूर', विलासच्या गाडीच्या काचेवर सिंहाचा स्टिकर, रविवारी मिसळ आणि सिंह.

त्या सहांतली एक गोष्ट सांगतात. पाच जण एका कळपातले, पण सगळ्यात मोठा, मखुलू, बाहेरून आलेला. रक्ताचा नाही. तरी धाकट्यांच्या पाठीशी तोच राहिला. आम्ही दादाला मखुलू म्हणायला लागलो. प्रेमानंच हो! एकदा त्यालाही मोबाईलवर दाखवला, तर म्हणाला, "ह्यो गप बसतोय, पर समद्यांवर ध्यान हाय बघ त्याचं."

पुढं त्या सिंहांचं काय झालं, तो भाग आम्ही कधी नीट पाहिला नाही. त्यांच्यातल्याच एकानं भावांचे छावे मारले, एकी मोडली, बाहेरचे तरणे सिंह आले आणि मुलूख गेला. आजही लोक कुठल्याशा नव्या आयाळीत त्यांचं रक्त शोधत बसतात. आम्हाला फक्त डरकाळ्या आवडायच्या.

गेल्या वर्षी गोठ्याच्या जागेला बिल्डर आला. पाचांना पाच फ्लॅट. प्रॉपर्टी कार्डावर नावं आमचीच, दादाचं कुठंच नाही. एका रविवारी सकाळी विलासच्या घरी मिसळ खाल्ली, व्हिडिओ पाहिला... त्यात रानम्हशी सिंहांना बघून गोल करतात, शिंगं बाहेर, पिल्लं आत. मग आम्ही पाचजण दादाला सांगायला निघालो.

गाडीत विलास म्हणाला, "बाळ्या, तू बोल. तुझी जीभ गोड हाय."

मला बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

दादा अंगणात म्हशी धूत होता. साखळ्या काढलेल्या, पाईप सुरू, हातात नारळाची शेंडी.

"दादा," मी म्हणालो, "जागा बिल्डरला द्यायचं ठरलंय. तुझी सोय बघूया की कुठंतरी."

"आणि म्हशींची?"

"बघू की."

"ठरलंय म्हणतोस. मला कुणी इचारलं न्हाई ते?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ गोड ना! म्हणालो, "कागदावर आमी पाचच हाय, दादा. तू काय आमच्या रक्ताचा न्हाईस."

दादानं वाकून नळ बंद केला. एवढंच.

आणि चंद्री हलली. चंद्री म्हणजे थोरली म्हैस, मला बघितलं की खिशात तोंड घालून भाकरी शोधणारी. ती आली, दादाला पाठ लावून उभी राहिली, तोंड आमच्याकडे. मग दुसरी आली, तिसरी... बघता बघता अकराच्या अकरा. गोल. तलवारीसारखी लांब शिंगं सगळी बाहेर. मधोमध दादाची फक्त टोपी दिसत होती. आमच्या म्हशींच्या कुठल्या पिढीनं सिंह पाहिला असेल, सांगा!

विलासनं काठी आपटली. एकही हलली नाही. फुसफुस नाही, शेपटी नाही, काही नाही.

आतून दादाचा आवाज आला, "सरा गं बायांनो. घरचीच हायत."

दादाचा शब्द त्या म्हशींनी मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवशी मोडला. आम्ही पाच वाघ... सॉरी, सिंह, उलट्या पावली दारापर्यंत गेलो.

गाडीत विलास हसला, "मापोगोला भ्याल्या." बाकी कुणी हसलं नाही.

आठवड्याभरात दादा आपणहून गेला. भांडण नाही, तक्रार नाही. चंद्री आणि तिचं रेडकू घेऊन गारगोटीकडं. बाकीच्या म्हशी इकडं-तिकडं गेल्या.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, जनावर बुजलं. मीही तेच म्हणत होतो. पण पुढचं ऐका.

कंपनीच्या बसआधी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर दूध प्यायची माझी वीस वर्षांची सवय. समोर म्हैस पिळतात, ग्लास फेसासकट तोंडाला लावायचा. दादा गेल्यावर पहिल्यांदाच गेलो आणि ग्लास धरून उभा राहिलो, तर धार बंद. म्हशीनं पान्हा चोरला, म्हणजे कास भरलेली, पण दूध सोडेना.

"आयला, आत्ता तर देत हुती," पिळणारा म्हणाला. "पावणं, जरा तिकडं सरा बघू."

सरलो. धार सुरू. परत आलो, बंद. लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुसरी म्हैस, तेच. साबण बदलला. शर्ट बदलला. एकदा हेल्मेट घालून गेलो. दुसऱ्या कट्ट्यावर गेलो. क्वालिटीचा माणूस मी, पावलं मोजली. बावीस पावलं लांब गेलो की धार सुरू, एकविसाव्यावर बंद. शेवटी कट्टेवाल्यानं हात जोडले, "पावणं, ग्लास घरला पोचवतो, पर तुमी येऊ नगासा." ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नवख्या माणसाला बुजतात." वीस वर्षांनी मी नवखा कसा झालो?

विलास हल्ली पिशवीचं दूध पितो. का विचारलं तर म्हणतो, "शुगर हाय." शुगरला म्हशीचं चालत नाही आणि पिशवीचं चालतं, हे मला नवीनच.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हशीनं तोंडावर दावलं. मी गप बसले हुते, एवढाच फरक."

गेल्या महिन्यात धीर करून गारगोटीकडं गेलो. रस्त्याच्या कडेला दादाचं पत्र्याचं शेड. सकाळची धार चालू होती, बादलीतला आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. तो पाठमोरा, कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकलेलं. मी चपला काढल्या आणि आवाज न करता पुढं गेलो. धार थांबली.

दादानं मान वळवली नाही. म्हणाला, "कोण आलंय? बाळ्या का इलास?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं!

"बाळ्या हाय, दादा. माझं चुकलं."

त्यानं बादली जरा सरकवली. मग म्हणाला, "ते असू दे. जरा लांब हुबा ऱ्हा. रेडकू उपाशी हाय."

मी मागं सरकत रस्त्यावर आलो. आत धार पुन्हा सुरू झाली.

आता दर रविवारी जातो. धार आटोपली, रेडकू पिऊन झालं की दादा हाक मारतो, चहा करतो, पाचांची नावं घेऊन खुशाली विचारतो. तो कधी चिडत नाही, हेच जास्त लागतं. पान्हा चोरण्यामागचं कारण मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर लिहा, थट्टा केली तरी चालेल. मी दर खेपेला पावलं मोजतो. अजून बावीसच भरतात.