उपासाआधीचं रक्त

मास्तर शाळेचे नव्हेत, कात्रीचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात सारा जन्म शर्टाचं कापड बेतण्यात गेला. दुसऱ्याचं माप ते नुसत्या नजरेने सांगायचे. स्वतःची पँट मात्र बायको गेल्यापासून दोनदा आत घेतली, तरी म्हणायचे, "कापडच सैल पडतंय हल्ली!" थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परगावच्या मुलीला सांगून ठेवलेलं, की शेजारच्या वहिनी आग्रह करकरून वाढतात. त्या शेजारच्या घराला वर्षभर कुलूप होतं.

खरं म्हणजे मास्तर जेवतच नव्हते. चहा, बिस्किटं, फारच वाटलं तर पाव. तंगी नव्हती, स्वयंपाकही बरा यायचा. पण एका जिवासाठी भात लावायचा आणि भिंतीकडे बघत चावत बसायचं, हे त्यांना जमेना. माणूस एकटा पडला की आधी पोटावर येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अशात इस्पितळाला माणसं हवी होती. उपास केला की शरीरातली हार्मोन्स कशी खालीवर होतात, ते तिथल्या डॉक्टरांना तपासायचं होतं. दोन दिवस तिथे राहायचं, नुसत्या पाण्यावर काढायचे, अधूनमधून रक्त द्यायचं. अट एकच, माणूस खाऊनपिऊन सुखी हवा. मास्तरांनी छाती पुढे काढून सांगितलं, "दोन्ही वेळा भरपेट!" उपाशी राहायला इतक्या आनंदाने निघालेला माणूस कुणी पाहिला नसेल. खोलीत सहा खाटा होत्या, म्हणजे बोलायला पाच माणसं.

संध्याकाळी दाखल झाले आणि झोपेपर्यंत त्यांनी बाजूच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरशी दोस्ती, भांडण आणि पुन्हा दोस्ती करून घेतली. सकाळी उपासाआधीचं रक्त दिलं, आणि दुपारी पितळ उघडं पडलं.

डॉक्टरबाई मुलीच्याच वयाच्या. खाटेजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला यातून काढावं लागतंय."

"का? रक्त कमी पडलं? अजून घ्या की!"

"तसं नाही. चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं. अंगात साठा किती आहे, ते मेंदूला कळवतं. खाणं तुटलं की ते उतरतं. थायरॉइडचंही उतरतं, म्हणजे शरीर काटकसरीला लागतं. आणि ताणाचं कॉर्टिसॉल चढतं. हे सगळं आम्हाला उपासानंतर बघायचं होतं. तुमचं आधीच झालंय. कधीपासून नीट जेवला नाहीत?"

मास्तरांच्या ओठांवर वहिनी आल्याच होत्या. पण या बाईंपुढे त्यांचा काय पाड लागणार!

"चार दिवस द्या," ते म्हणाले. "खाऊन येतो. मग घ्या मला. पण इथून काढू नका हो."

"चार दिवसांत नाही भरून यायचं, मास्तर. आधी जेवा बघू. मग पुढचं सांगते."

जेवायचं खरं, पण कुठे? खोलीतल्या पाच जणांच्या पोटात कावळे ओरडत होते, त्यांच्यासमोर ताट कसं आणणार? मास्तरांना कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत बसवलं. एक खुर्ची, एक टेबल आणि समोर भिंत.

साफसफाईच्या मावशींनी ताट आणून ठेवलं आणि त्या निघाल्या.

"मावशी, जरा बसता का? एकट्याच्या घशाखाली उतरत नाही माझ्या." कित्येक महिन्यांत मास्तर पहिल्यांदा खरं बोलले.

"बसायला कुठली सवड, भाऊ? अख्खा मजला पुसायचाय." मावशी दारातच घुटमळल्या. मग बादली आत ओढत म्हणाल्या, "बरं, हीच खोली आधी पुसते. जेवा तुम्ही."

मास्तरांनी घास घेतला. उतरला. मावशी सुनेच्या तक्रारी सांगत भिंतीकडून पुसत आल्या, मास्तर हूं हूं करत भराभर जेवत होते. पण खोली लहान होती. अर्धा भात ताटात असतानाच फरशी संपली.